बेपत्ता राहण्याची अट

आमच्या कंपनीचा धंदा सरळ आहे. नाहीशा झालेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या कॅसेटी कुणाला तरी सापडतात, अशा चार-पाच भयकथा एकत्र बांधायच्या आणि सिनेमा म्हणून विकायच्या. चित्रीकरण मुळात स्वच्छ असतं; ते जुन्या कॅसेटीसारखं दिसावं म्हणून खराब करण्याचा पगार मला मिळतो. हॉलिवूडशेजारच्या आमच्या बरबँकमध्ये याला कला म्हणतात.

लोकांना सगळं खरं वाटावं म्हणून आमच्याकडे एक अट असते. सिनेमात बेपत्ता झालेल्या नटाने सिनेमा चालू असेपर्यंत बाहेरही बेपत्ताच राहायचं. मुलाखत नाही, फोटो नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा नाहीत. डेक्स्टर व्होगेल पहिल्या भागात तळघरात नाहीसा झाला. बिचाऱ्याला वाटलं, उन्हाळाभराचा प्रश्न आहे. पण सिनेमा चालला. दुसऱ्या भागात त्याची कॅसेट पुन्हा सापडली, तिसऱ्यातही सापडली. माणूस काही सापडेना.

सातवा भाग येणार, तेव्हा तो टोपी-गॉगल लावून ऑफिसात आला. मुलीचं, मारेनचं, लग्न ठरलं होतं. तिचा हात धरून तिला चर्चच्या वेदीपर्यंत न्यायचं होतं. एवढ्यापुरतं तरी मला सापडू द्या, म्हणाला. करार सांभाळणाऱ्या हॅल्डरसनबाईंनी त्याला कॉफी दिली आणि सहानुभूतिपूर्वक विचार केला.

"लग्नाला जरूर जा," त्या म्हणाल्या. "फक्त कुणाला दिसू नका."

"बाई, बाप आहे मी तिचा. भूत नाही."

"ते आठव्या भागात ठरेल."

माझं डोकंच फिरलं. जिन्यात गाठून मी त्याला म्हटलं, बाबा रे, सातव्याच्या पहिल्याच खेळाला जा आणि पडद्यासमोर उभा राहा. एवढ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यावर बाई काय कप्पाळ करणार?

तो गेला. खेळ संपून दिवे लागताच पुढे येऊन म्हणाला, "मी डेक्स्टर. जिवंत आहे. उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे. कुणीतरी हात लावून बघा हो."

अख्खं थिएटर उठून उभं राहिलं आणि प्रत्येकाने फोन वर धरला. हात मोकळा कुणाचाच नव्हता. रखवालदारांनी त्याला ओढत मागच्या दाराने नेलं, तेही लोकांनी टिपलं, छान थरथरत. मला खराब करायला काही शिल्लकच ठेवलं नाही मेल्यांनी. करारभंग वाढू नये म्हणून बाईंनी लग्न उरकेपर्यंत त्याला हॉटेलात ठेवलं. मारेन वेदीपर्यंत एकटीच चालत गेली.

त्या फोनांवरच्या चित्रणाचा आठवा भाग झाला: घटना एक, प्रेक्षक पाच, कथा पाच. तो पाहताना लोक फार हळहळतात. एवढ्या गर्दीत एकालाही हात लावावासा वाटू नये, काय ही माणसं, म्हणतात. तुम्हालाही वाटलंच असेल. डेक्स्टर हल्ली थिएटरच्या दारातच उभा असतो. बाहेर पडताना त्याला तुमचा धक्का लागलाच, तर थांबून माफी मागायचं कारण नाही. करारानुसार तो तिथे नसतोच.