दिवाणजींची शिळा आणि द्वारकाबाईंचें पैलतीरीं गमन

श्री. वाट देणारा तो देव आणि वाटेंत अडलेले ते आम्ही, ऐसें स्मरोन लेखन आरंभिलें. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सरे, माघ मासीं, कोणे एके राज्यीं खाडीचे अलीकडे द्वारकाबाई नांदत होत्या. लहानपणीं तापानें पाय गेले, आणि मग चाकांची खुर्ची हेंच त्यांचें वाहन. पलीकडे धाकटे बंधु नारबा, त्यांस चाळिशींत कन्यारत्न जाहलें, आणि आत्येनें कानांत सांगितल्याविना नांव ठेवूं नये हा कुळाचा रिवाज, म्हणून बारशाचें बोलावणें आलें.

नावेचे धक्क्यास पूर्वी पायऱ्याच होत्या. बाईंनीं आठ वर्षें अर्ज केले, मग सरकारांतून खुर्चीकरितां उतार बांधविला, आणि दिवाणजी उद्घाटनास पधारले, आणि त्यांचे नांवाची शिळा सर्वांचे नजरेस यावी म्हणून नेमकी उताराचे मध्यावर रोविली. बाजूनें माणूस जाई, खुर्ची जाईना.

बाराव्या दिवशीं बाई झबलें-टोपडें घेऊन आल्या आणि शिळेपाशीं अडल्या. बाबल तांडेल नाववाला बोलिला, "बाय, उचलून ठेवतो नावेंत." पूर्वी एकदां ऐसेंच उचलतां चिखलांत पडल्या होत्या आणि धक्का हसला होता. बाई म्हणाल्या, "पोतें उचलतात, बाबल. मी आत्या आहे." आणि माघारां फिरल्या, आणि घरीं येऊन टोपडें उराशीं धरून फार रडल्या. नारबांनीं निरोप धाडिला, "आक्का, तूं येशील तेव्हांच बारसें. तोंवर पोर नुसतें बाळ." ऐसे दोन मुहूर्त आणखी टळले.

मग वैशाखीं, भरतीचे वेळीं, बाई पुन्हां टोपडें घेऊन धक्क्यास आल्या आणि बाबलास म्हणाल्या, "शिळा काढ. अपराध माझे नांवें." धक्क्याचे कारकून धांवत आले आणि पुसते जाहले, "हुकूम कोणाचा?"

बाई बोलिल्या, "बाळाचा. त्यास अजून नांव नाहीं, म्हणून सही आणतां आली नाहीं."

कारकुनांनीं क्षणभर टोपड्याकडे पाहिलें, आणि लेखणी कानावर ठेविली, आणि स्वतःच शिळेस खांदा दिला. उतार आणि नाव यांमध्यें हातभर अंतर राहिलें होतें, तेथें तीच शिळा आडवी घातली, आणि खुर्ची दिवाणजींचे नांवावरून नावेंत गेली. मग शिळाही नावेंत घेतली, कारण पलीकडेही उतरणें होतें.

पैलतीरीं नारबा गुडघाभर पाण्यांत उभे होते. "आक्का, उशीर केलास," इतकेंच बोलिले आणि डोळे पुसले. बाईंनीं बाळ मांडीवर घेतलें आणि कानाशीं वांकून नांव दोनदां सांगितलें. नांव रेवा.

एवं हकीकत. शिळा नावेंतच असते, चाकें तिजवरून जातात येतात, आणि दिवाणजींचें नांव आतां निम्मेंच वाचतां येतें. रेवा म्हणून हाक मारिली कीं पोर वळून पाहतें.