शोककविता, मयत वगळून

तलासरीकडच्या पाड्यावरची जिवली धवलेरी वारली. डहाणू रोडच्या साहित्य मंडळाने तिच्या स्मरणार्थ कविसंमेलन भरवण्याचा ठराव एकमताने संमत केला. साल २०१६.

धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. ही मांडवात आधी त्या घरच्या मेलेल्यांना बोलवायची. गाण्यात एकेकाचं नाव घेऊन, या, बसा, म्हणायची. तिच्या हयातीत एकही मेलेला मांडवाबाहेर उभा राहिला नाही.

तिची लेक कमळी. हिला सूर लागत नव्हता. म्हणून एकच मागणं घेऊन ती संमेलनाला आली: आयेचं नाव कुणीतरी एकदा गाण्यात घ्यावं.

फ्लेक्सवर सगळे कवी होते. मयतासाठी जागा उरली नाही, म्हणून फोटो खुर्चीवर ठेवला. प्रमुख पाहुणे आले तेव्हा खुर्ची लागली. फोटो पाण्याच्या जारला टेकवण्यात आला.

अध्यक्ष सुदर्शन सरांनी 'हे अरण्यमाते' वाचली. ही कविता गेल्या वर्षी एका स्टेशन मास्तरांच्या शोकसभेत 'हे लोहपथिका' होती. तेव्हाही लोक रडले होते. आताही रडले. कमळी मात्र कान देऊन बसली होती. वनकन्या आली, आदिशक्ती आली, निसर्गाची लेक आली. नाव काही आलं नाही.

ती उठून माइकपाशी गेली. "सर, आयेचं नाव राहिलं."

सर मायेने हसले. "अगं बाय, नाव घातलं की कविता लहान होते. नाव काढलं की ती सगळ्या जगाची होते."

"मग कवितेखाली तुमचं कशाला घातलंय?"

चिटणीसबाई शीतल यांनी इतिवृत्तात नोंद केली: 'मयताच्या कन्येने भावपूर्ण आभार मानले.' नंतर अल्पोपाहार झाला.

कवितेला पुढे पुरस्कार मिळाला. मानपत्रावर सुदर्शन सरांचं नाव दोनदा छापलं आहे. पाड्यावर यंदा लग्न निघालं तेव्हा पेनड्राइव्हवरची गाणी लावली. मेलेल्यांना कुणी बोलावलं नाही. कमळी तेवढी मांडवाच्या बाहेर उभी राहून पुटपुटत होती. तिला बेसूर म्हणून गप्प केलं.

वाचून तुम्हालाही हळहळ वाटली असेल. सुदर्शन सरांचा रागही आला असेल. तर मग सांगा, कमळीच्या आईचं नाव काय?

वर बघू नका.