हिरवा दोरा, लाल दोरा

सकाळी साडेआठ वाजता बॉयलरच्या दाबाचा काटा दहावर गेला आणि चक्क तिथेच थांबला. हिरवेसाहेबांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही. गेले चार महिने त्यांच्या टिचकीने तो फक्त खाली यायचा.

"अडकलाय बहुतेक," बॉयलरकाका म्हणाले.

"अडकला नाहीये, काका. याला यश म्हणतात."

"असेल. आपण कधी पाहिलं नाही, म्हणून म्हटलं."

दूधसंघाच्या कारखान्यात साहेबांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कोळसा बंद करून शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्यांवर बॉयलर चालवायचा, हे काम अंगावर घेतल्यापासून ते सगळ्यांचे हिरवेसाहेब झाले होते. कांड्या दिसायला गोंडस, बोटाच्या पेराएवढ्या. पण बॉयलरमध्ये गेल्या की नुसत्या धुमसत. वाफ कमी पडली की दुधाच्या भुकटीचे गोळे होत. त्यांतले मोठे गोळे अध्यक्षबाईंनी आपल्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. साहेब आत आले की त्या आधी गोळ्यांकडे बघत, मग त्यांच्याकडे.

शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं. शुक्रवारी आठ तास काटा नऊच्या खाली आला नाही, तर कोळसा कायमचा बंद. आला, तर सोमवारी कोळशाचे ट्रक परत आणि साहेबही परत आपल्या जुन्या जागी; म्हणजे कर्मचाऱ्यांच्या स्कूटरींच्या पार्किंगवर. तिथे त्यांनी नऊ वर्षं शिट्टी फुंकली होती.

आज शुक्रवार होता.

साडेनऊला बॉयलरकाकांनी नाक वर केलं.

"साहेब, वास गोड येतोय."

"येणारच. तीस वर्षं कोळशाचा वास घेतलात, आता चांगला सोसत नाही तुम्हाला."

"तसं नव्हे. साखर करपल्यासारखा येतोय."

साहेबांनी वहीत लिहिलं : 'परिसरात सुगंध.'

दहाला फोन वाजला. साहेबांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, संघाचा गोठा सांभाळायचा. कारखान्याची भिंत ओलांडली की गोठा. चाळीस गायी.

"दाजी, गायी खात नाहीयेत."

"उकाडा आहे."

"उकाडा कालही होता. तोंड लावतात, फुर्र करतात आणि माझ्याकडे बघतात. एक तर माझा शर्ट खातेय."

"शर्ट सोडव आणि फोन ठेव. आज माझी परीक्षा आहे."

"अजून एक, दाजी. बाकीच्या सगळ्या भिंतीला लागून उभ्या आहेत. तुमच्या धुराड्याकडे तोंड करून."

भिंतीपलीकडून हंबरण्याचा आवाज येत होताच. इतका वेळ साहेबांनी तो यशाचाच एक भाग समजून सोडून दिला होता. ते बॉयलरपाशी रचलेल्या पोत्यांकडे गेले, एक कांडी उचलली, हुंगली आणि दातांनी फोडली. काकांनीही एक तोंडात टाकली. दोघे बराच वेळ गंभीरपणे चघळत राहिले.

"मीठ आहे," काका म्हणाले. "सरपणाला मीठ कोण लावतं?"

साहेबांनी पोतं फिरवून पाहिलं. पोत्याचं तोंड हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

पोत्यांवरची छपाई त्यांनीच बंद करवली होती. शाईत खनिज तेल असतं, तेव्हा यापुढे पोती कोरी असावीत आणि ओळखीसाठी फक्त शिवणीचा दोरा हिरवा किंवा लाल ठेवावा, असं परिपत्रक त्यांनी कांडीवाल्याला आणि तशाच दिसणाऱ्या कांड्यांचा खुराक पाठवणाऱ्या गुरांच्या खुराकवाल्याला, दोघांनाही धाडलं होतं. कोणता रंग कशासाठी, हे त्यात लिहिलं नव्हतं. कारण ते उघड होतं. इंधन हिरवं, म्हणून दोरा हिरवा. खुराकवाल्यालाही ते उघडच वाटलं. गाय काय खाते? हिरवं. आणि आगीचा रंग लाल, हे कांडीवाल्याला कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

जुनी छापील पोती काल दुपारी संपली. काल संध्याकाळी दोन्ही ट्रक एकदमच फाटकात आले. आज परीक्षा, म्हणून साहेबांनी स्वतः उभं राहून हिरव्या दोऱ्याचं एकेक पोतं बॉयलरकडे आणि लाल दोऱ्याचं एकेक पोतं गोठ्याकडे जातीने रवाना केलं होतं. एका हमालाने "साहेब, हा खुराक वाटतोय" म्हटलं, तेव्हा त्याला पर्यावरणावर पाच मिनिटं ऐकावं लागलं होतं.

"आता?" काकांनी विचारलं.

"काटा?"

"काटा दहावर. गायी उपाशी."

बॉयलर थांबवला किंवा खऱ्या कांड्या घातल्या तर साहेब पार्किंगवर. चालू ठेवला तर गायींच्या तोंडचा घास धुराड्यातून वर. साहेबांनी प्रसंगाला साजेसा निर्णय घेतला : निम्मी पोती गायींना, निम्मी बॉयलरला, आणि कुणाला काही बोलायचं नाही. पोती हातगाडीवर टाकून ते स्वतःच ढकलत निघाले. गोठ्याच्या दारात अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्या चार वाजता यायच्या होत्या; पण धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून कौतुकाने लवकर आल्या होत्या. बरोबर फोटोवाला होता.

"हे काय? इंधन गोठ्यात?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण उत्तर गायींनी दिलं. पहिल्या गायीने मान लांबवून पोतं फाडलं, दुसरीने त्यात थेट डोकं घातलं. फोटोवाल्याने चटाचट फोटो काढले.

बाई थक्क झाल्या. "तुमचं इंधन इतकं शुद्ध आहे, की गाय खाते?"

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर..."

"आणि काटा?"

"दहावर," मागून येऊन काकांनी सांगितलं. जे दिसतं ते सांगायची त्यांना सवय होती.

"अहो, मग दोन-दोन माल मागवायचे कशाला? सोमवारपासून खुराक बंद. कांडीवाल्याकडून एकच माल घ्या, अर्धा बॉयलरला, अर्धा गायींना. काय म्हणता?"

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. त्याच्या शर्टाला एक बाही उरली होती. साहेबांना आपण पास झाल्याचं कळत होतं. सोमवारपासून या चाळीस गायी दाबलेला काडीकचरा चघळत आपल्याकडे बघणार, हेही कळत होतं. त्यांतली एक आत्ताच बघत होती.

"बाई, हा खुराकच आहे," साहेब म्हणाले. "बॉयलरमध्येही सकाळपासून हाच जळतोय. चूक माझी. परिपत्रक माझं."

दोऱ्यासकट सगळं सांगून झालं. फोटोवाल्याने कॅमेरा हळूच पिशवीत घातला.

"म्हणजे नापास," बाई म्हणाल्या. "सोमवारी ट्रक बोलावते."

"ट्रकचं मागून बघा, बाई," काका मध्येच म्हणाले. "गुरांच्या खुराकावर काटा दहावर राहतो, म्हणजे बॉयलर ठणठणीत आहे. या खुराकाची राख उद्या आत दगड होऊन बसेल आणि तो मलाच फोडायचाय, ते सोडा. पण फरक काय? हा माल कोरडा. आपल्या कांड्या महिनाभर उघड्या अंगणात पडून दव पितात. कोळसा तिथे पडायचा, म्हणून यांनाही तिथेच टाकलं. कोळशाला काही होत नाही. या फुगतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"साहेबांकडे तक्ते होते," काका म्हणाले. "माझ्याकडे नुसतं नाक."

त्या तक्त्यांत सतरा रकाने होते. ओलाव्याचा एकही नव्हता.

बाई साहेबांकडे वळल्या. "एक महिना देते. कांड्या छपराखाली ठेवा. पण नवं छप्पर बांधून मिळणार नाही. आहे त्यातलं शोधा."

शोधायची गरज नव्हती. कारखान्यातलं सगळ्यात मोठं छप्पर साहेबांना चांगलं ठाऊक होतं. त्याखाली त्यांनी नऊ वर्षं काढली होती.

सोमवारी स्कूटरींच्या छपराखाली कांड्यांची पोती रचली गेली. बॉयलरकाकांनी अंगणातला शेवटचा कोळशाचा तुकडा उचलून प्रत्येक पोत्यावर मोठ्या अक्षरांत 'बॉयलर' आणि गोठ्याच्या पोत्यांवर 'गाय' लिहून टाकलं. कोळशाच्या रिकाम्या अंगणात, टळटळीत उन्हात, हिरवेसाहेब शिट्टी घेऊन उभे होते. दीडशे स्कूटरवाले त्यांना सावलीबद्दलचा एकच प्रश्न दीडशे तऱ्हांनी विचारत होते.

"साहेब!" काकांनी बॉयलरच्या दारातून हाक मारली. "काटा दहावर!"

"अडकला असेल," साहेब म्हणाले आणि एका स्कूटरला मागे घ्यायची खूण केली.