अण्णांच्या विमानातली घागर

आमच्या शेजारच्या सिद्रामअण्णांच्या विमानात पहिला प्रवासी बसला, ती पितळेची घागर. काठोकाठ भरलेली.

रेडिओलासुद्धा लायसन लागायचं त्या काळात या गृहस्थाने अक्कलकोट रोडवरच्या आपल्या चादरींच्या कारखान्यामागे, घराच्या अंगणात, दोन माणसांचं विमान स्वतः बांधलं. कधी उडणार विचारलं की म्हणायचे, "लई घाई काय? आधी चालायला तर शिकू दे की त्याला!"

त्यांचा सगळा जीव पुढच्या चाकाच्या दांड्यात. आत तेल आणि हवा. जमिनीचा धक्का त्याने झेलायचा. दर रविवारी त्याची सेवा. शेपटीवर चादरींचे गठ्ठे ठेवले की नाक वर उचललं जायचं. मग हवा सोडून दांडा उघडायचा, रबरी कडी बदलायची, ताजं तेल घालायचं, पुन्हा हवा भरायची. एकदा हवा न सोडताच नट फिरवला आणि अण्णा तेलाने न्हाऊन निघाले. तेव्हापासून "आधी हवा सोडा की!" हा त्यांचा मंत्र. नवी पेठेत दोन दुकानदार भांडत होते, तिथेही मध्ये पडून हेच सांगितलं. दोघांनी मिळून अण्णांनाच झापलं.

दांडा बसला की घागर सीटवर ठेवून विमान अंगणातल्या खड्ड्यावरून ढकलायचं. ढकलायला अर्थात मी! थेंब सांडला की सगळं पहिल्यापासून.

एका रविवारी मी वैतागलो. "अण्णा, विमान उडवायचंय की पाणी भरायचंय?"

अण्णा हात पुसत म्हणाले, "माझ्या फटफटीवरनं ही खड्ड्यात आदळली. कंबर गेली. तवापासनं धक्क्याच्या भीतीनं गाडीत बसत न्हाय. माहेरी आई थकलीय, तिला बघितलं न्हाय. मी पाडली, मीच न्हेणार."

ही म्हणजे गंगव्वाकाकू. त्या विमानाला 'डबडं' म्हणायच्या, आणि त्यात पाय ठेवणार नाही म्हणून शपथ घेऊन बसलेल्या.

त्या दिवशी पहिल्यांदाच थेंब सांडला नाही. अण्णा घागरीकडे बघतच राहिले. दारातून बघणाऱ्या काकू कमरेवर हात ठेवून सावकाश आल्या, मला घागर उतरवायला लावली आणि स्वतः सीटवर बसल्या.

अण्णा श्वास रोखून उभे.

"आधी हवा सोडा की," काकू म्हणाल्या, "आणि ढकला."

आम्ही ढकललं. खड्डा आला तसे अण्णांनी डोळे गच्च मिटले. विमान पलीकडे जाऊन थांबलं, तरी उघडेनात.

"खड्डा कुटं गेला वो?" काकूंनी विचारलं. "आईला निरोप धाडा, येतोय म्हणून."