हत्यार अजून आलं नाही

दवनीवाड्याच्या रस्त्यावरचे तेजराम मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ग्राहकाला हात धुवायला लावतात. गाडीला हात तेच लावणार असतात, तरीही. "इंजिन म्हंजे पोट आहे जी. उघडं पोट पाहाले येता अन् हात तसेच?"

वय एकसष्ट. पत्नी गेल्यापासून एकटेच. हत्यारं चौऱ्याऐंशी, मी मोजली आहेत. प्रत्येक हत्यार जुन्या धोतराच्या फडक्यात, आणि एका हत्याराला एकच काम. पान्याने खिळा ठोकणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत.

माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. रविवारी पुतणीच्या साखरपुड्याला, आमच्याकडच्या साक्षगंधाला, सात जणांना चिचगडला न्यायचं होतं. बेल्ट काढल्यावर कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दोन दांडे, जागचे हलू नयेत म्हणून एक खास पट्टी लावतात. माझ्या गाडीची पट्टी त्यांच्याकडे नव्हती.

"पेचकस अडकवा ना. बाकीचे तसंच करतात," मी म्हणालो.

"दाढ दुखली त सुताराकडं जाता काय? दांडा जरासा सरकला का झडप पिस्टनवर आदळते. मंग जा साक्षगंधाले बैलबंडीनं!"

पट्टी नागपूरहून मागवली. सोमवारपासून मी रोज संध्याकाळी चौकशीला जाऊ लागलो.

"अजून आली नाई जी. बसा."

मग चहा, आणि गोंदियात कोणी कोणतं इंजिन कसं मारलं याच्या कथा. मारेकऱ्यांच्या नावांसकट. दोन तास सहज जायचे. घरी बायको विचारायची, "गाडी बघायला जाता की सिनेमा?" शुक्रवारी मात्र मी चिडलो. उद्या गाडी नाही मिळाली तर सात माणसं कशी न्यायची?

शनिवारी गाडी तयार होती. इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा. बाजूला पट्टीचं रिकामं खोकं पडलं होतं. नवं हत्यार आलं की मिस्त्री खोक्यावर तारीख लिहितात, आणि खोटी तारीख लिहिणं त्यांच्या हातून होत नाही. तारीख मंगळवारची होती. काम चार तासांचं.

"मिस्त्री, गाडी बुधवारीच झाली होती?"

ते पट्टी पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

"झाली होती जी," ते खाली बघत म्हणाले. "पण तुमी रोज येऊन राहिले होते ना."