खाडीतली डबल बेल

दारावरची बेल एकदा वाजली की ड्रायव्हर घरात जिथे असेल तिथे थांबायचा. हातात चहाचा कप असो की तोंडात ब्रश, दुसरी बेल होईपर्यंत पठ्ठ्या हलायचा नाही. सत्तावीस वर्षं त्याने बस चालवली होती आणि सत्तावीस वर्षं त्याच बसच्या मागच्या दारात त्याची बायको कंडक्टर होती. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, आणि मागे वळून बघायचं नाही. या नियमावर त्यांची बस आणि संसार, दोन्ही सुरळीत चालले होते.

दोघं एकाच दिवशी निवृत्त झाली आणि घर एकदम लहान वाटू लागलं. म्हणून खाडीतून प्रवासी बोट सुरू होणार असं कळताच ड्रायव्हरने या वयात बोट चालवण्याचं लायसन्स काढलं. बोटीचे मालक म्हणाले, "उद्या सकाळी रिकामी बोट घेऊन दहाच्या आत पलीकडच्या जेटीवर या. नंतर ओहोटी लागते. वेळेत आलात तर नोकरी तुमची. जागा मात्र एकच आहे हं. तिकिटाला मी मशीन बसवणार."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. शेवटची दोन वाक्यं तेवढी गिळली.

सकाळी पाहतो तर बाई खाकी साडीला कडक इस्त्री करून तयार. "अहो, काल रात्री डोळ्याला डोळा नाही लागला! परत ड्युटी! दोघांची!" ड्रायव्हर चपला शोधायला खाली वाकला. बोटीवर पाय ठेवताच तिने धुक्यात वाजवायची घंटा हेरली, तिला दोरी बांधली आणि मागच्या बाकाशी जाऊन उभी राहिली. टण् टण्! ड्रायव्हरच्या अंगावर काटा आला. बोट निघाली. अंगावर पाण्याचे तुषार येत होते, बाई लहान पोरीसारखी हसत होती आणि तोही हसत होता. सांगू नंतर, त्याने मनाशी म्हटलं.

पहिल्याच जेटीवर एक आजी शेळी घेऊन हात करत उभ्या होत्या. टण्. बोट थांबली.

"अगं, रिकामी न्यायचीय!"

"रस्त्यात उभ्या माणसाला सोडून कधी गेलोय का आपण? या आजी. शेळी कुठं?"

"डॉक्टरकडं. दोन दिवस खाईना झालीय."

शेळी बांधायला जागा एकच होती, सुकाणूजवळचा खांब. पुढच्या जेटीवर दोन शिक्षक चढले, त्यापुढच्या जेटीवर एक न्हावी आणि त्याची सासू. टण्, टण् टण्. दहाला पंचवीस मिनिटं होती, अजून वेळ होता.

आणि मग भर खाडीत टण् झालं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आजूबाजूला नुसतं पाणी. पोहत कोणी चढतंय की काय? पण मागे बघायचं नाही, तो वाट बघत बसला. टण् टण्. निघाला. शंभर हात गेला नाही तोच पुन्हा टण्.

मागे बाई घाबरली होती. "अहो, इंजिन बिघडलंय का?"

"तूच बेल मारतेयस ना!"

"मी? माझे दोन्ही हात या सासूबाईंना धरण्यात गुंतलेत!"

ड्रायव्हरने मान वळवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. बाजूला शेळी त्याच्या खिशातलं बसच्या नोकरीचं जुनं हजेरीचं कार्ड मन लावून खात होती आणि दर घासाला तिच्या गळ्यातली पितळी घंटा वाजत होती.

"खाल्लं गं बाई माझीनं!" आजींना आनंदाने रडू फुटलं.

तेवढ्यात बोट वाहत वाहत वाळूवर जाऊन रुतली. या थांबाथांबीत दहा वाजून गेले होते आणि ओहोटी लागली होती. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. बाईने मात्र पदर खोचला. "चला, उतरा सगळे! पाणी गुडघाभरच आहे. ढकला!" दोन्ही शिक्षक, न्हावी, सासू, सगळे उतरले. तिसऱ्या हिसक्याला बोट सुटली तेव्हा लोकांनी असा जल्लोष केला की ड्रायव्हरही क्षणभर घड्याळ विसरला.

पलीकडे पोचायला पावणेअकरा झाले. माणसं उतरली, शेळी उतरली, आणि जेटीवर ताटकळलेली वीसेक माणसं न विचारता आत येऊन बसली. त्यांच्यामागून मालक चढले, तापलेले.

"रिकामी आणा म्हटलं होतं! आणि या बाई कोण?"

"कंडक्टर," बाई म्हणाली.

"कंडक्टरची जागाच नाही. कालच सांगितलंय मी यांना!"

ड्रायव्हरला बोट बुडेल तर बरं असं वाटलं. बाईने त्याच्या पाठीकडे पाहिलं. त्याने खाली घातलेली मान तिला दिसली आणि सगळं कळलं. तिने शांतपणे दोरी हातात घेतली.

टण् टण्!

बोट सुटली. मालक धडपडून एका बाकाला धरून उभे राहिले. "अहो, थांबवा! मला उतरायचंय!"

ड्रायव्हरने पुढेच बघत उत्तर दिलं, "बेल नाही झाली."

"बाई, मारा ना बेल!"

"मारते की. आधी सांगा, जागा किती?"

मालकांनी मागे सरकत चाललेली जेटी पाहिली. मग गच्च भरलेले बाक पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. "दोन," ते म्हणाले. "आता तरी मारा."

"अधेमधे स्टॉप नाही," बाई म्हणाली. "पुढे सरका, दारात उभं राहू नका."