कॅनॉलकाठचा डबा

चालणं ही गोष्ट माणसाने गरजेपुरती करावी, या मताचा मी आहे. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून सोफ्यापर्यंत. असं असूनही १९८१ च्या मे महिन्यात एका रविवारी मी मॉन्ट्रियलच्या लाशीन कॅनॉलच्या काठाने चौदा किलोमीटर चाललो. तब्येतीसाठी नव्हे. निव्वळ जळफळाटापायी.

माझ्या जळफळाटाचं नाव गुरुदत्त. माझ्याच वयाचा, इंजिनियर, लग्न न केलेला आणि पोट न सुटलेला. (शेवटच्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं मी एकदा घरात बोललो होतो. पुन्हा बोललो नाही.) कॅनॉलमधली जहाजं बंद झाली आणि सरकारने काठाने छान डांबरी वाट केली. त्या वाटेवरून हा गृहस्थ दर रविवारी, जुन्या बंदरापासून पार लाशीनपर्यंत चालायचा. लाशीनलाच राहायचा तो.

"एवढं चालणारा माणूस मी नाही बाई पाहिला!" आमची पद्मजा दर आठवड्याला म्हणायची. बरं, हे ती भाजी चिरताना, स्वतःशी म्हणावं तसं म्हणायची, पण नजर माझ्या पोटावर. सतरा वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हिने असं एक वाक्य उच्चारलं असेल तर शपथ. मला ते एकच वाक्य हवं होतं. एकदाच. जास्त मागत नव्हतो.

त्यात जानेवारीपासून शनिवारी सकाळी त्याचे फोन सुरू झाले. ही फोन बेसमेंटमध्ये घ्यायची आणि खिदळायची. मी जिन्यावर (सहज, कामासाठी) उभा असलो तर तुकडे कानावर यायचे. "अय्या, नाही हो, इतकं घट्ट नाही!" "मंद ठेवा, घाई करू नका." कोण, विचारलं तर, "काही नाही, गुरुदत्तभावोजींचं आपलं काहीतरी." काहीतरी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एका शनिवारी मीच फोन उचलला आणि ऐटीत म्हणालो, "गुरुदत्त, उद्या मीही येतो चालायला."

"अरे वा! पण पूर्ण वाट हां, बाळ."

(माझं नाव बाळ. वय शेहेचाळीस, वजन पंच्याण्णव किलो.)

रविवारी ब्रॉसार्डच्या आमच्या घरून बस, मग मेट्रो, आणि दहा वाजता आम्ही जुन्या बंदरापासून निघालो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला विटांच्या बांधकामाच्या, बंद पडलेल्या गिरण्या. गुरुदत्त कॅनॉलचा इतिहास सांगत होता. पाणी तुंबवून जहाजं वर चढवायचे लाकडी दरवाजे कसे उघडायचे, वगैरे. माझे स्वतःचे सगळे दरवाजे पहिल्या दोन किलोमीटरमध्येच उघडले होते. तोंडाने श्वास घेत मी "हो का" एवढंच म्हणत होतो.

अॅटवॉटर मार्केटजवळच्या बाकावर मी अक्षरशः कोसळलो. गुरुदत्तने बॅगेतून एक स्टीलचा डबा काढला, आणि माझा श्वास, होता नव्हता तेवढाही थांबला. डब्यावर टोचून नाव घातलेलं होतं: सौ. पद्मजा हिस आत्याकडून, ३-५-६४.

माझ्या लग्नाची तारीख! परपुरुषाच्या बॅगेत!

झाकण उघडलं. आत अळूवडी. आता मॉन्ट्रियलमध्ये अळू कुठलं? चार्ड नावाच्या पालेभाजीला बेसन फासून, वळकटी करून अळूवडी होते, हा शोध पद्मजाचा. अख्ख्या क्वेबेकमध्ये ती युक्ती आमच्याच स्वयंपाकघरात. आणि मला? डॉक्टरने कोलेस्टेरॉल म्हटल्यापासून घरात तळण बंद. मला उकडलेली ब्रोकोली आणि याला वड्या!

"घे, खाऊन बघ," गुरुदत्त माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. "खरं सांग हं. खोटी स्तुती नको."

मी खाल्ली. चिंच, गूळ, वरून कुरकुरीत. डोळ्यांत पाणी आलं. चव ओळखीची होती म्हणून, आणि ती दुसऱ्याच्या डब्यात होती म्हणूनही.

"अशी वडी," मी एकेक शब्द चावत म्हणालो, "अख्ख्या कॅनडात एकाच हातची असते."

गुरुदत्त चक्क लाजला. कानापर्यंत लाल! चोर पकडला गेला, म्हणालो मनात.

"मी मार्केटमध्ये वॉशरूमला जाऊन येतो," तो म्हणाला. "जरा बॅग सांभाळ."

मी सांभाळली. म्हणजे डबा काढून माझ्या बॅगेत घातला. पुरावा!

पुढचे दहा किलोमीटर मी कसा चाललो ते मला माहीत नाही. राग माणसाला चालवतो, हे डॉक्टर लोकांनी लिहून ठेवायला हवं. फक्त माझ्या बॅगेत डबा थर्मासवर आपटून पावलागणिक टण-टण करत होता.

"बाळ, आवाज कसला रे?"

"गुडघे."

"तेल लाव," तो कळवळून म्हणाला.

लाशीनला पोचलो. समोर बस उभी. गुरुदत्त बॅगेत हात घालत म्हणाला, "थांब, वहिनींसाठी एक..."

'वहिनींसाठी' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी बसमध्ये उडी मारली. (उडी म्हणजे, ड्रायव्हरने हात दिला.) तीन बसगाड्या बदलून घरी येईपर्यंत मला भयंकर भूक लागली होती, त्यामुळे पुराव्याचा आतला भाग मी खाऊन टाकला. दहा वड्या.

घरी पाय गरम मिठाच्या पाण्यात सोडून मी डबा पद्मजापुढे आपटला. "हा काय प्रकार आहे?"

"अय्या, आणला भावोजींनी?" तिचा चेहरा उजळला. "झाल्या एकदाच्या मनासारख्या?"

"काय झालं मनासारखं?"

"अहो, जानेवारीत त्यांना फ्लू झाला तेव्हा खिचडीचा डबा मी पाठवला होता ना? तुम्हीच तर नेऊन दिलात, त्या बर्फात, कुरकुरत!"

दिला होता. पिशवीत बांधलेला. आत कुठला डबा, बघितलं होतं कोणी?

"डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. पण येतंय काय त्यांना? चार महिने फोनवर विचारून विचारून अळूवडी शिकले बिचारे. 'बाळला सांगू नका, चेष्टा करेल,' म्हणाले. आज भरून देणार होते." तिने झाकण उघडलं. "रिकामा?"

"बसमध्ये भूक लागली होती," मी पाण्यातल्या पायांना सांगितलं.

"आणि तुम्ही मला जाब विचारताय? चोराच्या उलट्या बोंबा!"

तेवढ्यात फोन वाजला. गुरुदत्त. पद्मजाचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"रडू नका हो भावोजी. सापडला डबा. ह्यांच्या बॅगेत... चुकून गेला." (स्टीलचा डबा चुकून कसा जातो, हे त्या सज्जनाने विचारलंही नाही.) "पण तुम्ही बोलताय कुठून? काय? परत? बंदरापर्यंत? प्रत्येक बाकाखाली बघत? अगबाई, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर!"

तिने फोनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढं चालणारा माणूस मी नाही बाई पाहिला!"

"मीसुद्धा आज चौदा..."

"तुम्ही बोलू नका. गाडी काढा आणि त्यांना जेवायला घेऊन या."

आणलं. तो आमच्याकडे पोटभर जेवला. निघताना पद्मजाने तो डबा गरम वड्यांनी गच्च भरून त्याच्यासाठी पिशवीत बांधला, आणि पोचवायला अर्थात मी. मला एकही मिळाली नाही, आजचं तळण म्हणे माझं झालं होतं. गुरुदत्तच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्याच मजल्यावर माझ्या पायांनी संप केला आणि मी पायरीवर बसकण मारली.

"बाळ, दमलास रे," तो म्हणाला. माझ्या हातातली पिशवी त्याने हळूच काढून घेतली आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो वर निघून गेला.